चुंबकीय कोंडवाड्यातील उपरे

१. भांडे वितळत कसे नाही?

अणुसंमीलनाचा विषय निघाला, आणि सूर्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे दीड कोटी अंश असताना पृथ्वीवरील यंत्रांना मात्र त्याच्या दहापट, म्हणजे पंधरा कोटी अंशांची मजल गाठावी लागते असे सांगितले, की ऐकणारा, मग तो शाळकरी मुलगा असो वा निवृत्त मामलेदार, हटकून एकच प्रश्न विचारतो : मग ज्या भांड्यात हा विस्तव ठेवायचा ते भांडे वितळत कसे नाही? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे अर्धे उत्तर मागील प्रकरणात येऊन गेले आहे. विद्युत्भारित कण चुंबकीय क्षेत्राच्या रेषांभोवती वेटोळी घालीत फिरतात, आणि कंकणाकृती पोकळीत या रेषा गोल वळवून घेतल्या म्हणजे कणांना भिंतीकडे जाण्याची सरळ वाट राहत नाही. उरलेले अर्धे उत्तर असे की, तापमान भयंकर असले तरी द्रव्य अत्यल्प असते. दक्षिण फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या, आणि ज्याचे सुमारे २९ मीटर उंचीचे बाह्यपात्र सुरतेजवळच्या हजिऱ्यात घडले त्या 'ईटर' यंत्रात प्लाझ्माचे, म्हणजे या विद्युत्भारित कणांच्या तप्त वायूचे, घनफळ सुमारे ८४० घनमीटर राहील, म्हणजे एखादा प्रशस्त दुमजली वाडा त्यात सहज मावेल. परंतु त्यातील इंधनाचे यच्चयावत आयन गोळा करून तराजूत घातले तर वजन अर्ध्या ग्रॅमपर्यंतही पोचणार नाही.

या उत्तराने निर्धास्त झालेल्या वाचकाला येथे जरा थांबवले पाहिजे. भिंतीची चिंता अगदीच करू नये असे नव्हे. तथापि प्लाझ्मा भिंतीचे काय करील यापेक्षा भिंत प्लाझ्माचे काय करील, ही या शास्त्रातील जुनी आणि अधिक चिवट काळजी आहे.

१९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनीव्हा येथे भरलेल्या, अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांविषयीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्षपद भूषविताना डॉ. होमी भाभा यांनी असे भाकीत केले होते की, येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मोकळी करण्याचा मार्ग सापडेल. ती दोन दशके भरत आली त्याच सुमारास अमेरिकेत प्रिन्स्टन येथे एक मोठा टोकामॅक सुरू झाला. टोकामॅक म्हणजे सोव्हिएत शास्त्रज्ञांनी योजलेले कंकणाकृती चुंबकीय पात्र, आणि आजही या क्षेत्रात सर्वाधिक प्रचारात असलेले यंत्र. प्लाझ्माची हद्द आखून देण्यासाठी त्यात जो अडसर बसवला होता तो टंगस्टनाचा होता, कारण सर्व धातूंत टंगस्टनच सर्वांत उशिरा, सुमारे ३,४२० अंशांना वितळतो. निवड तर्कशुद्ध होती, पण परिणाम विपरीत झाला. प्लाझ्मा मध्यभागी सर्वांत तप्त असावयाचा. येथे त्याचा मध्य थंड आणि भोवतीचे कडे ऊन असा उफराटा प्रकार दिसू लागला. पुढे टंगस्टनाला रजा देऊन त्या जागी ग्रॅफाइट, म्हणजे पेन्सिलीत असते तेच द्रव्य, बसवण्यात आले, आणि त्याच यंत्राने १९७८ साली सहा कोटी अंशांची मजल मारली.

अडसराचे कण सुटून प्लाझ्माच्या थेट गाभ्यापर्यंत जात होते, आणि तेथून उष्णता बाहेर उधळीत होते. हे कण आत जातात कसे, आत गेल्यावर टिकतात का, आणि त्यांना बाहेर काढण्याचा काही बंदोबस्त आहे काय, एवढाच या प्रकरणाचा विषय.

२. मोहरीएवढे टंगस्टन

परका अणू प्लाझ्मात आला म्हणून बिघडते काय, हे आधी पाहू. हायड्रोजनाच्या अणूजवळ इलेक्ट्रॉन एकच. तो प्लाझ्मात पहिल्याच धक्क्याला गमावला जातो, आणि मग उघड्या अणुकेंद्राजवळ प्रकाश फेकण्याजोगे फारसे काही शिल्लक राहत नाही. जड अणूची गोष्ट निराळी. त्याच्या इलेक्ट्रॉनांना भोवतालचे वेगवान इलेक्ट्रॉन धक्के देतात, धक्का बसलेला इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो, क्षणात खाली उतरतो, आणि उतरताना मिळालेली ऊर्जा क्ष-किरणांच्या किंवा अतिनील किरणांच्या रूपाने टाकून देतो. किरणांना विद्युत्भार नसल्यामुळे चुंबकीय क्षेत्राचा अंमल त्यांच्यावर चालत नाही. ते थेट भिंतीवर जातात, आणि लक्षावधी रुपयांची वीज खर्चून आत घातलेली उष्णता त्यांच्याबरोबर निघून जाते.

कार्बनजवळ इलेक्ट्रॉन सहा. तप्त गाभ्यात पोचेपर्यंत ते सहाही सुटलेले असतात, म्हणून कार्बन कडेला झळाळतो आणि मध्यभागी जवळजवळ मुका होतो. टंगस्टनाजवळ चौऱ्याहत्तर आहेत. आजच्या यंत्रांच्या गाभ्यातही त्यांपैकी पंचवीस-तीस त्याला चिकटून राहतात, आणि तेवढे त्याला अखंड ऊर्जा उधळीत राहण्यास पुरेसे होतात.

आता एक लहानसे गणित करू. ईटरच्या प्लाझ्मात दर घनमीटरला एकावर वीस शून्ये इतके आयन धरले तर ८४० घनमीटरांत ते ८४ वर एकवीस शून्ये इतके होतात. त्यांत दर दहा हजारांमागे एक अणू टंगस्टनाचा मिसळला असे समजा. टंगस्टनाच्या एवढ्या अणूंचे एकत्रित वजन भरते सुमारे अडीच मिलिग्रॅम, म्हणजे फोडणीतल्या मोहरीच्या एका दाण्याइतके. आणि हे प्रमाण दहा हजारांत एक-दोन झाले की भट्टी स्वतःच्या उष्णतेवर पेटती राहण्याची आशा जवळपास सोडावी लागते. दर लाखामागे दोन-तीन अणू एवढीच काय ती मुभा. कार्बनाच्या बाबतीत मात्र शेकड्यामागे एखाददुसरा अणू खपून जातो.

जाता जाता एक हकिकत सांगण्याचा मोह आवरत नाही. १८६९ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याच्या प्रभामंडलाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा दिसली, आणि ती कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याची नसल्यामुळे 'कोरोनियम' नावाचे नवेच मूलद्रव्य कल्पिले गेले. सुमारे सत्तर वर्षांनी उलगडा झाला की, ते तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले साधे लोखंड होते. टोकामॅकमधील जड अणू किती इलेक्ट्रॉन राखतील याचा हिशेब मांडताना शास्त्रज्ञ आजही त्या प्रभामंडलाचेच गणित वापरतात.

३. दाराशीच परतवलेले

भिंतीवर आदळणाऱ्या कणांमुळे तिचे अणू उडतात. हायड्रोजनाचा कण टंगस्टनाच्या मानाने इतका हलका असतो की सावकाश आला तर त्याच्याने टंगस्टनाचा अणू हलत नाही. हे काम बहुधा ऑक्सिजन, निऑन अशा मधल्या वजनाच्या पाहुण्यांकडून, किंवा प्लाझ्माच्या कडेला अधूनमधून जे उद्रेक होतात त्यांच्याकडून घडते. उडालेला अणू विद्युत्भारहीन असतो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्राला त्याची दादच नसते. तो सरळ आत घुसतो. परंतु एक-दोन मिलिमीटर गेला नाही तोच त्याचा पहिला इलेक्ट्रॉन हिरावला जातो, आणि त्या क्षणापासून तो क्षेत्राचा कैदी होतो. टंगस्टन जड असल्यामुळे त्याचे वेटोळे मोठे. इतके मोठे की, पहिला फेरा पुरा होण्याच्या आतच तो ज्या भिंतीतून निघाला तिच्यावर पुन्हा जाऊन आपटतो. उडालेल्या टंगस्टनापैकी बहुतांश असा दाराशीच परत जातो, आणि टंगस्टन पुन्हा वापरण्याचे धाडस शास्त्रज्ञांना जे झाले त्याचे हे एक कारण आहे.

४. ढकलाढकली आणि उतार

जे थोडे सुटून आत राहिले त्यांच्या चालीचे दोन प्रकार आहेत. डोंगराच्या उतारावर भरणारा आठवडी बाजार वाचकाने डोळ्यांसमोर आणावा. गर्दीत प्रत्येक जण धक्के खात चार पावले इकडे, चार पावले तिकडे होतो. या निरुद्देश ढकलाढकलीचा परिणाम एवढाच की, जेथे दाटी आहे तेथून माणसे विरळ जागी पसरतात. यास शास्त्रात विसरण म्हणतात. पण जमीन उताराची असल्यामुळे प्रत्येक पाऊल नकळत किंचित खालच्या अंगालाही पडत असते. हा ओढा दुसरा, आणि त्याला ठरलेली दिशा आहे. ढकलाढकली जोराची असेल तर उतार जाणवतही नाही आणि गर्दी सर्वत्र सारखी राहते. ती मंदावली की दिवस मावळेपर्यंत सगळा बाजार पायथ्याशी गोळा झालेला असतो.

प्लाझ्मातील उपऱ्या कणांचे भवितव्य या दोहोंच्या प्रमाणावर ठरते. आता हा उतार आत जातो की बाहेर, हे पाहावयाचे.

५. घर्षणाचा जमाखर्च

चुंबकीय क्षेत्रात एखाद्या विद्युत्भारित कणाला ढकलले तर तो ज्या दिशेने ढकलला त्या दिशेने न जाता तिच्याशी काटकोनात सरकतो. आणि त्याचा विद्युत्भार जितका अधिक तितके हे सरकणे कमी. ही विक्षिप्त वाटणारी रीत एकदा मान्य केली की पुढचे सोपे आहे. हायड्रोजनाचे आयन आणि टंगस्टनाचे आयन एकमेकांना घासून जातात. घर्षणाचा जोर दोघांवर सारखाच, पण विरुद्ध दिशांना. म्हणून एक आत सरकला की दुसरा बाहेर सरकतो. हायड्रोजनाची घनता मध्यभागी जास्त असेल तर तो बाहेर पडू पाहतो, आणि टंगस्टन आत येतो. चाळीस इलेक्ट्रॉन गमावलेला टंगस्टनाचा एक आयन आत यावयाचा तर त्याच्या बदल्यात चाळीस हायड्रोजन बाहेर जावे लागतात, आणि विद्युत्भाराचा जमाखर्च तंतोतंत जुळतो.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. टेलर यांनी १९६१ साली दाखवून दिले की, दुसरे काहीच आड आले नाही तर हा व्यवहार फार टोकाला जातो. नियम असा : हायड्रोजनाची घनता कडेपेक्षा मध्यभागी जितकी पट, तितकी पट ही संख्या उपऱ्या आयनाच्या विद्युत्भाराइतक्या वेळा स्वतःशी गुणावी. हायड्रोजन मध्यभागी दुप्पट असेल तर सहा विद्युत्भाराच्या कार्बनसाठी दोन हा आकडा सहा वेळा घेऊन गुणावा लागतो, उत्तर ६४. म्हणजे मूळ इंधन मध्यभागी दुप्पट असता कार्बन चौसष्टपट साचेल! टंगस्टनासाठी दोनचा आकडा चाळीस वेळा घेऊन पाहण्याची तसदी वाचकाने घेऊ नये. जे उत्तर येईल ते कोणत्याही यंत्रात प्रत्यक्ष दिसलेले नाही, तरी त्या नियमाचा रोख कोणीकडे आहे हे त्यावरून समजते.

हे ऐकून हताश होण्याचे कारण नाही, कारण आणखी एक उतार या प्रकरणात हजर असतो, तो तापमानाचा. वेगवान आयन शेजारून इतक्या झपाट्याने निघून जातो की घासाघाशीला त्याला उसंतच मिळत नाही. म्हणून घर्षणाचा मुख्य भार संथ कणांवर पडतो. तापमान मध्याकडे चढत असले की या भेदामुळे घर्षणाची दिशा उलटते, आणि उपरा कण बाहेर ढकलला जाऊ लागतो. टक्करी विरळ असणाऱ्या तप्त प्लाझ्मात हिशेब असा : मध्यभागी तापमान जितकी पट, तितक्या पटीला विद्युत्भाराच्या निम्म्या वेळा गुणून येणाऱ्या संख्येने वरचे उत्तर भागावे. वरील उदाहरणात तापमान मध्यभागी चौपट असेल तर चार हा आकडा तीन वेळा गुणून ६४ येतात, आणि चौसष्टाला चौसष्टाने भागून बाकी राहतो एक. साचणे संपले. तापमान नऊपट असेल तर नऊ तीन वेळा गुणून ७२९, आणि कार्बन मध्यभागी कडेच्या अकराव्या हिश्शाहून थोडा कमीच राहील.

हे आकडे आदर्श स्थितीचे आहेत, पण त्यांतून निघणारे तात्पर्य प्रयोगशाळेतही खरे ठरते : घनतेचा चढ सौम्य आणि तापमानाचा चढ तीव्र, अशी प्लाझ्माची ठेवण साधली तर उपरे आपोआप बाहेर राहतात. ईटरच्या कडेचा प्लाझ्मा आजच्या यंत्रांहून पुष्कळ ऊन असणार असल्यामुळे तेथे टंगस्टनाला असाच मज्जाव होईल अशी गणिते आहेत, आणि इंग्लंडमधील कल्हम येथील 'जेट' यंत्राच्या अखेरच्या वर्षांतील अतितप्त प्रयोगांत त्याची चिन्हे दिसलीही.

६. शांततेचा धोका

मागील विभागातील हिशेब टक्करींचा होता. परंतु प्लाझ्मा शांत बसत नाही. त्यात सेंटिमीटरभर व्यासाचे असंख्य भोवरे सतत उठतात आणि विरतात, आणि तेच उष्णतेला बाहेर झिरपू देतात. या खळबळीशी झुंजण्यात संमीलनशास्त्रज्ञांच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या. परंतु उपऱ्या कणांच्या प्रश्नात हीच खळबळ मित्र ठरते, कारण ती सर्वांना सारखे मिसळून टाकते आणि साचू देत नाही.

१९८२ साली जर्मनीतील गार्चिंग येथे फ्रिट्झ वाग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना प्लाझ्माची एक नवी अवस्था आढळली. तापन वाढवता वाढवता कडेची खळबळ एकाएकी शमते, आणि उष्णता पूर्वीपेक्षा सुमारे दुप्पट काळ आत टिकते. या शोधाचे स्वागत झाले ते योग्यच होते. पण ज्या प्लाझ्माची कड पूर्ण शांत असते त्यात अशुद्धीही सुखाने नांदू लागते. प्रारण वाढत जाते, आणि काही वेळाने मध्य थंड पडून सारा प्लाझ्मा कोसळतो. चांगल्या कोंडवाड्यात आपले आणि उपरे असा भेद होत नाही. येथे कडेचे ते उद्रेक, ज्यांची आपण वर भिंत झिजवणारे म्हणून निर्भर्त्सना केली, उपयोगी पडतात : प्रत्येक उद्रेकासरशी कडेचा थोडा प्लाझ्मा बाहेर फेकला जातो आणि त्याबरोबर अशुद्धीही. उद्रेक विरळ झाले तर आत कचरा साचतो, फार जोरदार झाले तर भिंतीतून नवा कचरा उडतो. म्हणून गोठवलेल्या हायड्रोजनाच्या बारीक गोळ्या सोडून ते लहान आणि वारंवार घडवून आणण्याचे प्रयोग झाले आहेत.

मध्यभागापुरता दुसरा एक उपाय अधिक भरवशाचा ठरला. गार्चिंगच्या 'आस्डेक्स अपग्रेड' यंत्राची संपूर्ण आतली बाजू २००७ पर्यंत टंगस्टनाने मढवली गेली होती, आणि तेथे असे दिसून आले की, सूक्ष्मतरंगांचा मारा नेमका प्लाझ्माच्या मध्यावर केला तर तेथील खळबळ वाढते, घनतेचा चढ सपाट होतो, आणि जमलेला टंगस्टन पांगतो. खळबळ शमवण्यासाठी जन्मभर झटलेल्या माणसांनी ती मुद्दाम पेटवावी, यातील विनोद त्यांनाही कळत असेलच.

जेटमध्ये २०११ साली कार्बनच्या फरशा जाऊन बेरिलियम आणि टंगस्टन आले, कारण कार्बन ट्रिटियम या किरणोत्सारी इंधनाला आपल्याबरोबर थरांत अडकवून ठेवतो. त्यानंतर क्ष-किरणांच्या छायाचित्रांत एक चमत्कारिक दृश्य दिसू लागले. प्लाझ्मा कंकणाच्या परिघावरून गरगर फिरत असतो. हायड्रोजनाला ते फिरणे जाणवत नाही, पण टंगस्टनाचा अणू ड्युटेरियमच्या, म्हणजे इंधनातील जड हायड्रोजनाच्या, सुमारे ९२ पट जड, आणि त्याची स्वतःची उष्णताजन्य गती मंद. त्यामुळे तो बाहेरच्या अंगाला फेकला जाऊन तेथे चंद्रकोरीच्या आकारात तळपत राहतो. असा एकांगी जमलेला टंगस्टन घर्षणाच्या व्यवहारात कित्येक पटींनी अधिक ओढला जातो, ही गोष्ट जुन्या गणितात धरलेली नव्हती. ती धरल्यावरच निरीक्षण आणि गणित जुळले.

हे सर्व मोजतात कसे, तेही सांगितले पाहिजे. काचेच्या पट्टीवर लोखंडासारख्या धातूचा अतिपातळ मुलामा देतात आणि तिच्या पाठीमागून लेसरचा एक ठोका मारतात. त्या ठोक्यासरशी मुलाम्याचा ठिपका उडून अणूंचा पुंजका प्लाझ्मात शिरतो. मग कमी इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची वर्णरेषा आधी उजळते, अधिक गमावलेल्याची त्यामागून, आणि काही मिलिसेकंदांत सगळ्या मावळू लागतात. कोणती रेषा केव्हा उजळली यावरून कण किती वेगाने आत गेला ते कळते, आणि किती वेळात मावळली यावरून तो किती काळ टिकला ते. जर्मनीच्या उत्तरेकडील ग्राइफ्सवाल्ड येथे 'व्हेंडेलश्टाइन ७-एक्स' या पिळदार चुंबकांच्या यंत्रात हा प्रयोग केला तेव्हा टक्करींच्या हिशेबाने जितका काळ लोखंड रेंगाळावयास हवे होते त्याहून ते फार लवकर बाहेर पडले. तेथेही खळबळच कामी आली होती.

७. हवीशी अशुद्धी

एक उपरा असा आहे की त्याला भिंतीतून यावे लागत नाही. ड्युटेरियम आणि ट्रिटियम यांचे संमीलन झाले की हेलियमचे केंद्र जन्मते; ते आपली उष्णता प्लाझ्माला देते तोवर उपयोगी, नंतर केवळ राख. ईटर ५०० मेगावॉट शक्ती देऊ लागला म्हणजे दर सेकंदाला १८ वर एकोणीस शून्ये इतकी हेलियमची केंद्रे तयार होतील. ती बाहेर काढली नाहीत तर अवघ्या पाऊण मिनिटात त्यांची संख्या इंधनाच्या आयनांच्या एक-दशांशावर जाईल आणि इंधनाची जागा अडून बसेल.

राख उपसण्यासाठी पात्राच्या तळाशी 'डायव्हर्टर' नावाची खोबण असते. कडेच्या चुंबकीय रेषा तेथे उतरवलेल्या असतात, आणि प्लाझ्मा त्या रेषांवरून वाहत येऊन तळाच्या पट्ट्यांवर पडतो. या पट्ट्यांवर दर चौरस मीटरला सुमारे दहा मेगावॉट एवढाच ताप सतत सोसवतो. येणारा ताप त्याहून अधिक. म्हणून तेथे जाणूनबुजून निऑन किंवा नायट्रोजन सोडतात. गाभ्यात जी ऊर्जा उधळणे हा गुन्हा, तीच कडेला उधळणे ही सेवा होते, कारण एका अरुंद पट्टीवर पडणारा ताप किरणांच्या रूपाने सर्व भिंतीभर वाटला जातो. मात्र हा निऑन तळाशीच राहिला पाहिजे. पट्टीकडे वाहणारा हायड्रोजन त्याला घर्षणाने तळाकडे रेटतो, आणि तापमानाचा उतार त्याला वर, उष्ण बाजूकडे ओढतो. यांपैकी पहिल्याची सरशी टिकवणे हे डायव्हर्टर आखणाऱ्याचे खरे कौशल्य. नायट्रोजनाची आणखी एक खोड आहे : हायड्रोजनाशी संयोग पावून तो अमोनिया तयार करतो, आणि त्या अमोनियात ट्रिटियम असेल तर निराळाच उपद्रव मागे लागतो.

८. ईटरचा फेरविचार

ईटरची आतली भिंत बेरिलियमची करावयाची असे अनेक वर्षे ठरलेले होते. चार इलेक्ट्रॉनांचा हा हलका धातू प्लाझ्मात गेला तरी फारसे नुकसान करीत नाही. पण तो लवकर झिजतो, आणि त्याची धूळ माणसाच्या फुप्फुसांना विषारी आहे. २०२३ मध्ये हा बेत बदलून भिंत टंगस्टनाचीच करण्याचे ठरले, म्हणजे प्रिन्स्टनमधून ज्याला रजा मिळाली होती त्याची जवळजवळ अर्धशतकाने सन्मानाने नेमणूक झाली. दरम्यान फ्रान्समध्येच, ईटरच्या शेजारी असलेल्या 'वेस्ट' या टंगस्टन-मढवलेल्या यंत्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये १,३३७ सेकंद, म्हणजे बावीस मिनिटांहून अधिक काळ प्लाझ्मा टिकवून दाखवला.

ईटरमध्ये या बदलाबरोबर दोन गोष्टी वाढवाव्या लागल्या. मध्यावर सूक्ष्मतरंगांचा मारा करण्याची क्षमता वाढवण्याचे ठरले. दुसरी अडचण ऑक्सिजनची : बेरिलियम त्याला शोषून बांधून ठेवतो, टंगस्टन ठेवीत नाही, म्हणून टंगस्टनाच्या भिंतीवर बोरॉनचा पातळ थर चढवण्याची यंत्रणा योजावी लागली. हा बोरॉनही झिजून प्लाझ्मात जाणारच. परंतु त्याच्याजवळ इलेक्ट्रॉन पाचच असल्यामुळे गाभ्यात पोचेपर्यंत ते सगळे सुटलेले असतील, आणि थर संपला की तो पुन्हा चढवता येईल.